चुलीला न जुमानणारं विष

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असेल, कुणी बाजारातून येऊन नुकती टेकली असेल. मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. दर वेळी आपण हप्ते, व्याज, वही आणि बँक यांवर बोलतो. आजचा विषय ताटातला आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या पोटापाण्याचाही आहे. मासळीतून, तिसऱ्या-कालवांतून होणारी विषबाधा.

खाडीकाठच्या एका गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक काकी म्हणाल्या, "ताई, नीट उकडलं की झालं ना? आगीपुढे काय टिकतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचंच उत्तर आज सविस्तर देते.

मासळी चांगली की वाईट हे ठरवायला आपल्याकडे तीन परीक्षक असतात. नाक, जीभ आणि चूल. वास आला की मासा टाकायचा. चव बिघडलेली लागली की ताट सारायचं. आणि एवढं करूनही शंका राहिली, तर चांगला रटरटून उकळायचा. हे तिन्ही परीक्षक खोटे नाहीत. सडलेली मासळी नाक ओळखतं. कॉलरा, टायफॉइड, हगवण यांचे जंतू उकळत्या पाण्यात मरतात. म्हणून उकडणं सोडायचं नाही, कधीच नाही.

पण जंतू जिवंत असतो, त्याला मारता येतं. विष जिवंत नसतं. त्याला मारणार काय? समुद्रातून येणारी काही विषं अशी आहेत की त्यांना वास नाही, चव नाही, रंग नाही. उकळून, तळून, भाजून, खारवून, वाळवून किंवा बर्फात गोठवून ती जात नाहीत. आंबट घाला, हळद लावा, काही फरक पडत नाही. अशा विषांपुढे आपले तिन्ही परीक्षक नापास होतात. आज सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळं त्याचा उलगडा.

सुरुवात तिसऱ्यांपासून करू. कुणी शिवल्या म्हणतं, कुणी शिंपल्या. त्यांच्यासोबत कालवं आणि शिणाणेही धरा. हे जीव जागचे फारसे हलत नाहीत. मग खातात काय? दिवसभर पाणी आत ओढतात, गाळतात आणि बाहेर सोडतात. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळं असतात, तेच त्यांचं अन्न. ही शेवाळं वाईट नव्हेत. समुद्रातल्या सगळ्या मासळीचं जगणं शेवटी त्यांच्यावरच चालतं. पण हजारो जातींमधल्या थोड्या जाती विष तयार करतात. एरवी त्यांची संख्या नगण्य असते. कधी नदीनाल्यांतून भरपूर खतपाणी समुद्रात येतं, कधी तळाचं पाणी वर येतं, वर ऊन आणि पाणी शांत असतं. अशा वेळी एखादी विषारी जात झपाट्याने वाढते. तिसरी ते पाणी गाळत राहते आणि विष तिच्या मांसात साठत जातं. तिला स्वतःला मात्र त्याचा विशेष त्रास होत नाही.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. आपण तिसऱ्या निवडताना काय बघतो? मिटलेली ती जिवंत, उघडी राहिलेली ती मेलेली. मेलेली टाकायची. हे बरोबरच आहे. पण विष साठलेली तिसरीही जिवंत असते, घट्ट मिटलेली असते, ताजी असते. रात्रभर पाण्यात ठेवली तर तिच्यातली रेती निघते. विष एका रात्रीत निघत नाही. स्वच्छ समुद्रात राहूनही ते जायला काही आठवडे लागतात, काही जातींत कित्येक महिने.

या विषबाधेला लकवा आणणारी शिंपला-विषबाधा म्हणता येईल. त्यातलं मुख्य विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. आपल्या नसांमधून मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत जातो. त्या वाटेवर बारीक दारं असतात. हे विष ती दारं बंद करतं. निरोप पोचत नाही, म्हणून आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, मग हातपाय, आणि विष जास्त असेल तर छातीचे स्नायूही थांबतात. माणूस श्वास घेऊ शकत नाही. किती विषाने हे होतं? जगभरात मान्य असलेली मर्यादा आहे १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मिठाचा एक बारीक दाणा डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढंच हे वजन. आता सांगा, जिभेला ते कसं कळणार?

कुणी म्हणेल, हे परदेशातलं असेल. नाही. १९८१ मध्ये तामिळनाडूत शिंपल्या खाऊन ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, तिघे दगावले. १९८३ च्या एप्रिलमध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतल्या शिंपल्या खाऊन लोक आजारी पडले आणि एक मुलगा गेला. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजमला शिणाण्यांसारखे शिंपले खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. कुंबळे आणि विळिंजम दोन्ही आपल्याच समुद्राच्या काठावर आहेत, थोडं दक्षिणेला. आपल्यासारखेच लोक, आपल्यासारखाच स्वयंपाक. ती मासळी कुणी कच्ची खाल्ली नव्हती.

आणखी एक घटना सांगते, कारण ती आपल्या वाढण्याच्या पद्धतीशी जोडलेली आहे. १९८७ मध्ये मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात किनाऱ्यावरच्या लोकांनी शिंपल्यांचं सूप केलं. १८७ जणांना बाधा झाली, २६ जण गेले. बाधा झालेल्या मोठ्या माणसांत शंभरातली सातेक माणसं दगावली. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत निम्मी दगावली. निम्मी. मुलाचं वजन कमी, म्हणून तेवढंच विष त्याला कितीतरी भारी पडतं. शिवाय हे विष पाण्यात उतरतं. तिसऱ्या उकळल्या की त्यातलं काही विष मांसातून रश्शात येतं. म्हणजे आपण काय करतो बघा. लहान मुलाला तिसरी चावत नाही, म्हणून त्याला भातावर नुसता रस्सा घालतो. शेवटी जेवायला बसणारी बाई टोपातला उरलासुरला रस्साच ओरपते. शंका असलेल्या तिसऱ्या असतील तर "पोराला फक्त रस्सा दे" हा उपाय नव्हे, तोच धोका आहे.

भाजण्याचंही तेच. १७९३ मध्ये कॅप्टन व्हॅंकूव्हर नावाचा इंग्रज दर्यावर्दी कॅनडाच्या किनाऱ्यावर होता. त्याच्या खलाशांनी सकाळी भाजलेले शिंपले खाल्ले. दुपारपर्यंत त्यातला एक जण मेला. त्या जागेला आजही विषाची खाडी अशा अर्थाचं नाव आहे. आग तेव्हाही उपयोगी पडली नाही.

मग पाणी बघून ओळखता येईल का? समुद्राला तांबडा, तपकिरी किंवा हिरवट रंग चढला, पाणी दाट दिसलं, मासे मरून किनाऱ्याला लागले, तर तिथल्या तिसऱ्या काढायच्या नाहीत, हा नियम पक्का ठेवा. पण उलट धरू नका. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तिसऱ्या निर्धोक, असं नाही. विषारी शेवाळ थोडं असलं तरी तिसऱ्या ते दिवसेंदिवस गोळा करतात. आणि रंगीत पाणी दर वेळी विषारीच असतं असंही नाही. आपल्याकडे काही रात्री लाटा निळ्या चमकतात, पर्यटक मोबाईल घेऊन धावतात. ते चमकणारे जीव बहुतेकदा वेगळ्या जातीचे असतात, ते हे लकव्याचं विष करत नाहीत. चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून काळं पडतं का बघायचं, मांजराला आधी घालून बघायचं, असल्या परीक्षा जगात अनेक किनाऱ्यांवर चालतात. त्यातली एकही विश्वासाची नाही. हे विष फक्त प्रयोगशाळेत कळतं.

आता बांगड्याकडे येऊ. तिसऱ्यांची बाधा क्वचित होते. बांगड्याची मात्र आपल्या आसपास नेहमी होते, फक्त तिचं नाव वेगळं पडतं. जेवून अर्धा तास झाला नाही तोच चेहरा लाल, कानशिलं गरम, डोकं ठणकतंय, अंगावर गांधी, छाती धडधडते, पोट बिघडतं. घरचे म्हणतात, "हिला बांगडा बाधतो, ॲलर्जी आहे." मग ती बाई जन्मभर बांगडा खात नाही.

कधी खरंच ॲलर्जी असते. पण अनेकदा दोष त्या दिवसाच्या बांगड्याचा असतो. बांगडा, तारली, पेडवे, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पाण्यातून काढल्यावर उन्हात, गरम हवेत राहिला, की त्याच्यावरचे जंतू त्या घटकापासून हिस्टामिन बनवतात. हे तेच द्रव्य, जे ॲलर्जी झाली की आपलं शरीर सोडतं. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीसारखी. फरक ओळखायची एक खूण आहे. ॲलर्जी घरातल्या एकाला होते. हिस्टामिनची बाधा बहुधा तोच मासा खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम होते. कधी मासा जिभेला मिरमिरतो, मिरपूड लागल्यासारखा. तसं लागलं तर तो घास थुंकून टाका.

हिस्टामिन एकदा तयार झालं की ना चूल ते घालवते, ना फ्रीज. आणि माशात हिस्टामिन भरपूर झालं तरी तो दिसायला ठीक असू शकतो, वासही फारसा नसतो. पण ही बाधा आपल्याला टाळता येते, आणि तिचा उपाय आहे बर्फ. होडी लागल्यापासून चुलीवर चढेपर्यंत बर्फ. जितकी मासळी तितकाच बर्फ, एक थर मासळीचा आणि एक थर बर्फाचा. वरून बर्फाचे चार तुकडे ठेवून टवटवीत दाखवणं म्हणजे बर्फ घालणं नव्हे.

मला माहीत आहे, विकणाऱ्या मैत्रिणी आता मनात हिशोब करत असतील. बर्फाला पैसे पडतात, पाटी जड होते, बर्फ वितळला की पाणी गळतं म्हणून रिक्षावाला कुरकुर करतो. हे सगळं खरं आहे. म्हणून बर्फाचा खर्च एकटीने उचलू नका. गटात दोन-तीन थर्माकोलच्या पेट्या घ्या, बर्फ एकत्र आणा आणि त्याचा खर्च मासळीच्या भावात धरा. गिऱ्हाईकाला सांगा, "वहिनी, माझा बांगडा सकाळपासून बर्फात आहे, म्हणून दहा रुपये जास्त." सांगितलं तर गिऱ्हाईक समजून घेतं.

आणि एक नाजूक गोष्ट. सकाळी न विकलेला बांगडा दुपारभर पाटीत राहतो. संध्याकाळी वाटतं, फुकट कशाला घालवू, मीठ लावून सुकवते. ही आपली काटकसर आहे, पण इथेच घोळ होतो. मिठाने पुढचं कुजणं थांबतं. दुपारी झालेलं हिस्टामिन तसंच राहतं आणि खाऱ्या बांगड्यातून पावसाळ्यात ताटात येतं. खारवायचा बांगडा सकाळीच वेगळा काढा. ताजा असतानाच साफ करा, धुवा, मीठ लावा. उरलेल्याचं खारं करायचं नाही, ठरवून खारं करायचं.

ही बाधा बहुधा काही तासांत, फार तर दिवसभरात उतरते. डॉक्टर ॲलर्जीवरची गोळी देतात. पण दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला ती जड जाऊ शकते, त्यांनी घरी थांबू नये. आणि घरात कुणाला टीबीचं औषध सुरू असेल तर ऐका. त्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड हे औषध शरीरातलं हिस्टामिन मोडण्याच्या कामात अडथळा आणतं. म्हणून अशा रुग्णाला बांगडा, कुपा यांचा त्रास लवकर आणि जोरात होऊ शकतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत, अजिबात नाहीत. मासळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा आणि औषध संपेपर्यंत तसं खा.

तिसरी गोष्ट केंड माशाची. छेडलं की फुग्यासारखा फुगणारा, दात पक्ष्याच्या चोचीसारखे. जाळी कुरतडतो म्हणून मच्छीमार त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्याच्या यकृतात, गाबोळीत आणि बऱ्याच जातींत कातडीतसुद्धा टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. तेही नसांची तीच दारं बंद करतं, तेही उकळून जात नाही. जपानमध्ये हा मासा महागडं पक्वान्न म्हणून खातात हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. पण तिथे तो कापायला शिकून परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचं यकृत विकायला बंदी आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून हा मासा साफ करता येत नाही.

बांगलादेशात २००८ मध्ये तीन ठिकाणी केंडीची मोठी बाधा झाली. १४१ माणसं आजारी पडली, १७ गेली. महागाईत कुणालाही स्वस्त मासा हवासा वाटतो. आपल्याकडे केंड फेकून देतात हे चांगलंच आहे. फक्त तो किनाऱ्यावर असा टाकू नका की पोरं खेळायला उचलतील, कुत्रीमांजरं खातील किंवा अनोळखी माणूस फुकट मिळाला म्हणून घरी नेईल. आपल्या भागात कामाला आलेल्या बाहेरगावच्या कुटुंबांना हा मासा माहीत नसतो. त्यांना सांगणं आपलं काम आहे. आणि कातडी काढलेला, डोकं उडवलेला, नाव न सांगता येणारा मासा कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

चौथी गोष्ट थोडक्यात. प्रवाळाच्या खडकांवर एक विषारी शेवाळ वाढतं. लहान मासे ते चरतात, त्यांना मोठे मासे खातात, आणि विष वर वर साठत जातं. तांबोशीच्या काही जाती, गोबरा असे मोठे खडकाळी मासे त्यात येतात. याला सिग्वाटेरा म्हणतात. पॅसिफिक आणि कॅरिबियन बेटांवर तो नेहमीचा, पण मंगळूरलाही असे रुग्ण आढळले आहेत. त्याची खूण विचित्र आहे. गार पाण्याचा चटका बसतो. मुंग्या, खाज, अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो. विष डोक्यात, यकृतात आणि गाबोळीत जास्त असतं. म्हणून लांबून आलेल्या फार मोठ्या खडकाळी माशाच्या डोक्याचं कालवण करण्याआधी तो कुठला हे विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाधा झालीच तर काय करायचं? हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा.

मासळी खाल्ल्यावर ओठ, जीभ, हिरड्या बधिर वाटल्या, तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, तर ते पित्त नाही, गॅस नाही, नजर लागलेली नाही. तिसऱ्यांची किंवा केंडीची बाधा बहुधा अर्ध्या तासापासून काही तासांत दिसते. पुढे तरंगल्यासारखं वाटतं, बोलणं अडखळतं, हातपाय गळतात, गिळता येत नाही, दम लागतो. मुंग्या आल्या त्याच क्षणी निघायचं, पाय गळायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. व्हेंटिलेटर कुठल्या रुग्णालयात आहे हे वाटेतच फोनवर विचारा.

या विषाला उतारा नाही. पण माणूस वाचतो. श्वास थांबला असताना यंत्राने श्वास दिला, तर शरीर हळूहळू विष बाहेर टाकतं. पहिला दिवस निभावला की बहुतेक माणूस पूर्ण बरा होतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. गाडीत श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहायचं, थांबायचं नाही. आणि एक ध्यानात ठेवा. या बाधेत माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो. डोळे मिटलेले, हात हलत नाही, पण सगळं ऐकत असतो. त्याच्याजवळ रडारड करू नका, "गेली, गेली" म्हणू नका. धीर द्या.

घरी मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढायच्या नाहीत. गिळता येत नसलेल्या माणसाला काहीही पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कुठून आणलं. नुसतं "चक्कर येते" म्हणून थांबू नका. ताटातलं उरलेलं कालवण, शिंपांसकट, पिशवीत बांधून बर्फात ठेवा, तपासणीला उपयोगी पडतं. आणि त्याच पाटीतली मासळी अजून कुणाच्या घरी गेली असेल तर लगेच फोन करा. आशाताईंना कळवा. जेवायला बसायच्या आधी फोन पोचला तर ते घर वाचेल.

पण त्यासाठी मासळी कुणाकडे गेली हे माहीत हवं. इथे आपल्या बचत गटांचं काम येतं. आपल्याला वही लिहायची सवय आहे. पाच रुपयांचा दंडसुद्धा आपण लिहून ठेवतो. मग तिसऱ्या-कालवांच्या वहीत चार रकाने घाला. तारीख, खाडीतली जागा, किती किलो, कुणाला दिल्या. एवढंच. ज्या देशांत शिंपल्यांची बाधा पूर्वी खूप व्हायची, तिथे हेच केलं गेलं. पोत्यावर चिठ्ठी, जागेची नोंद आणि नियमित तपासणी.

आपल्या जिल्ह्यात गटांनी शिणाणे आणि कालवांचं पालन सुरू केलं आहे. त्यांच्यासाठी कॅनडाची गोष्ट. १९८७ मध्ये तिथल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर पाळलेल्या शिणाण्यांमधून बाधा झाली. शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले, आणि वाचलेल्यांतल्या काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. ते शिणाणे स्वच्छ होते, ताजे होते, नीट वाढवलेले होते. दोष पाण्यातल्या शेवाळाचा होता. त्यानंतर तिथे नियमित तपासणी बसवली, विष आढळलं की त्या जागेची काढणी बंद, विष उतरलं की पुन्हा सुरू. धंदा बुडाला नाही, विश्वासावर वाढला.

आपल्या गावच्या बाजारातल्या टोपलीची अशी तपासणी कोणी करत नाही. म्हणून मागणी आपण करायला हवी. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून समुद्रातल्या शेवाळाच्या वाढीची माहिती देते. विद्या आपल्या देशात आहे, ती आपल्या खाडीपर्यंत यायला हवी. ग्रामसभेत ठराव करा, ग्रामसंघाच्या पत्रावर मत्स्यव्यवसाय खात्याला लिहा, की आमच्या खाडीच्या तिसऱ्या-शिणाण्यांची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी आणि निकाल आम्हाला मराठीत कळवावा. एका बाईचा अर्ज फायलीत पडून राहतो. पंधरा गटांच्या सह्यांचा अर्ज ठेवायला टेबल लागतं.

आणि शंका आली त्या दिवशी विकायचं नाही. हे म्हणायला सोपं, करायला कठीण. ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या चिखलात वाकून काढलेल्या तिसऱ्या फेकायच्या म्हणजे त्या दिवसाची चूल फेकायची. म्हणून मी गटांपुढे एक प्रस्ताव ठेवते. समुद्र बिघडला म्हणून काढणी थांबवली, तर त्या मैत्रिणीला गटाच्या निधीतून बिनव्याजी छोटी उचल द्यावी. बाई उपाशी राहणार नाही याची खात्री असेल तरच ती खरं बोलेल. नाहीतर तिला गप्प बसावं लागेल, आणि ते गप्प बसणं कुणाच्या तरी घरी महाग पडेल.

हे सगळं ऐकून कुणी मासळी खायची सोडू नका. मासळी हे आपलं सकस अन्न आहे. गरोदर बाईला, वाढत्या मुलाला तिच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही. मी आजही बांगडा आणणार आहे, बर्फातला बघून आणणार आहे.

जाता जाता पुन्हा एकदा. उकळल्याने जंतू मरतात, समुद्राचं विष मरत नाही. रंग बदललेल्या पाण्यातल्या तिसऱ्या काढू नका, आणि शंका असेल तर रस्साही नको. बांगड्याला सुरुवातीपासून बर्फ. केंड कधीच नाही. ओठांना मुंग्या आल्या की १०८. आणि वहीत चार रकाने. पुढच्या बैठकीला येईन तेव्हा वही बघायला मागणार आहे.

नमस्कार.